दोन किल्ले, एक कॅथेड्रल आणि भरती

एका दिवसात दोन किल्ले, एक कॅथेड्रल आणि समुद्रकिनारा, आणि संध्याकाळच्या चहाला सगळे आपापल्या घरी. ही घोषणा गेथिनने मामाच्या स्वयंपाकघरात, मामाच्याच ताटातला बटाटा उचलत केली. बेत इतका सोपा होता की तो आखायला आपल्यासारखा हुशार माणूस लागावा, याचंच त्याला वाईट वाटत होतं.

इद्वालमामाकडे वेल्समधल्या त्या गावातली एकुलती एक बस होती. छोटीशीच, पण लोक पहिल्या नातवाकडे बघतात तसा मामा तिच्याकडे बघायचा. तो म्हणाला, ने. बस आणि म्हातारी मंडळी, दोन्ही धड आणि कोरडी परत आण, मग या हंगामाचा गाइड तू. नाहीतर सोमवारपासून डोंगरावर, चुलतमामाच्या मेंढ्यांमागे.

मेंढ्या गेथिनने लहानपणी जवळून पाहिल्या होत्या. त्यांना विनोद कळत नाहीत. आणि गेथिनकडे विनोदांखेरीज दुसरं भांडवल नव्हतं. तेव्हा प्रश्न अख्ख्या आयुष्याचा होता.

म्हातारी मंडळी म्हणजे बेथेल आणि सालेम. गावात घरं मोजकीच, पण या नावांची चॅपलं, म्हणजे साधी प्रार्थनाघरं, दोन. प्रार्थनेच्या वेळी ऊब यावी म्हणून ठेवलेली शेगडी डाव्या भिंतीला असावी की उजव्या, यावरून फार पूर्वी फूट पडली होती. ती शेगडी पाहिलेली माणसं केव्हाच वारली. शेगडीही भंगारात गेली. भांडण मात्र उत्तम स्थितीत होतं. बसमध्ये बेथेलवाले डावीकडे बसले, सालेमवाले उजवीकडे, आणि मधल्या वाटेत दोन्हीकडच्या पिशव्या सरहद्दीसारख्या उभ्या राहिल्या.

बेथेलची गाणी बसवायची मेन्नामावशी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्मभर पळी चालवली होती, त्यामुळे तिने नुसता हात उचलला तरी माणसं रांगेत उभी राहायची. सालेमची गाणी बसवायचे मेरिगकाका. ते मेंढ्यांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. कुजबुजले तरी शेजारच्या दरीत कुणीतरी बोली लावायचं.

पहिला मुक्काम बँगरचं कॅथेड्रल, बड्या पंथाचं भव्य चर्च. मोठ्या चुलतभावाच्या नव्या बंगल्यात शिरावं तशी मंडळी आत शिरली. कौतुक करायचं नाही, एवढं मनात पक्कं होतं. मेन्नामावशीने एका खांबावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून मान हलवली. मेरिगकाका म्हणाले, एवढ्या उंच छताखाली देवाला ऐकू तरी काय जात असेल. मग गेथिन म्हणाला, बसा जरा, मी इतिहास सांगतो.

इथे पहिली चूक झाली. चॅपलचा माणूस पुढच्या बाकावर बसत नाही. पुढे बसणं म्हणजे स्वतःला कुणीतरी समजणं. अख्खं कॅथेड्रल रिकामं होतं आणि दोन्ही चॅपलं सगळ्यात मागच्या एकाच बाकाकडे धावली. आधी पोचले ते बसले, नंतर पोचले ते त्यांच्या मांडीवर बसले. गेथिन खूप लांबून, रिकाम्या बाकांच्या समुद्रापलीकडून इतिहास ओरडत राहिला. मागून फक्त कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत आहे याची चर्चा ऐकू येत होती.

मग कार्नारवनचा किल्ला. दारात मेरिगकाका थांबले.

"हा कशासाठी बांधला रे?"

"इंग्लंडच्या राजाने बांधला, काका. आपल्या लोकांना बाहेर ठेवायला."

"मग मी आहे ना बाहेर? त्यांचं काम झालं. आता तिकीट कसलं?"

आणि त्यांनी घडीची खुर्ची उघडून किल्ल्याला वेढा घातला. सगळं सालेम त्यांच्या शेजारी बसलं आणि अंड्याची सँडविचं निघाली. एरवी बेथेलवाल्यांनाही पायऱ्या चढायचा उत्साह नव्हता. पण सालेम बाहेर म्हटल्यावर बेथेलला आत जाणं भाग होतं. थोड्या वेळाने मेन्नामावशी तटावर दिसली. किल्ला आत्ताच आपण जिंकला अशा थाटात ती थर्मासमधून चहा ओतत होती.

पंचाईत पुढे झाली. आता बेथेल खाली उतरलं तर ती शरणागती, आणि सालेम उठलं तर वेढा मोडला. गेथिन गोल जिन्यावरून वर-खाली करत निरोप पोचवू लागला. एवढा जुना किल्ला, पण त्यात खरोखरचा तह घडवायची वेळ एका भाच्यावर आली. शेवटी ठरलं की दोन्ही बाजू एकाच वेळी पावसामुळे उठतील. पाऊस आला. कार्नारवनमध्ये तहातलं ते सगळ्यात सोपं कलम होतं.

उशीर झाला होता. क्रिकिएथचा दुसरा किल्ला बसमधूनच दाखवण्यात आला. गेथिनने वेग कमी केला आणि मुखदर्शन झालं असं समजा म्हणाला.

आता फक्त समुद्र उरला होता. मोर्वा बिखानच्या वाळूवर गाडी थेट नेता येते. भरती कधी, हे गेथिनला चोख ठाऊक होतं. चहा घ्यायचा, केक खायचा, पाणी वर चढायच्या आत निघायचं. त्याने बस अगदी पुढे, टणक वाळूवर लावली. म्हाताऱ्यांना पाण्यापर्यंत चालायला नको. लवकरच पाणीच म्हाताऱ्यांपर्यंत चालत येणार होतं.

चहा अर्धा झाला असेल. तेवढ्यात ओल्या कुत्र्याला घेऊन एक इंग्रज साहेब तिथे आला. त्याने टोपी काढून अत्यंत सभ्यपणे विचारलं, आपण सगळे एकाच गायकवृंदातले का?

"नाही," मेन्नामावशी म्हणाली.

"मुळीच नाही," मेरिगकाका म्हणाले.

शेगडीनंतर दोन्ही चॅपलांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. आणि आपण एक नाही हे त्या साहेबाला पटवायचं, तर दोघांनाही गाऊन दाखवणं आलं. मेन्नामावशीने हात उचलला. मेरिगकाकांनी हात उचलला. भजन एकच, शब्द तेच, पण बेथेलची चाल वेगळी आणि सालेमची वेगळी.

भजनाचं शेवटचं कडवं एकदा गाऊन आमच्याकडे कुणाचं समाधान होत नाही. गाणं बसवणाऱ्याचा हात वर आहे तोवर ते पुन्हा घ्यायचं. हात खाली आला की थांबायचं. एरवी हा हात कधीतरी दुखतो आणि गाव जेवायला घरी जातं. पण आज समोर दुसरा हात होता. जो आधी खाली येईल तो हरला. पळीचा हात आणि लिलावाचा हात, दोन्हींना जन्मभराची सवय.

पाणी बसच्या पुढच्या चाकाला लागलं. गेथिन धावत बेथेलसमोर गेला, "पाणी आलं" असं ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि नेमकी तिथेच टेनरची ओळ आली. टेनर म्हणजे पुरुषांचा वरच्या पट्टीतला सूर. खर्जातले म्हातारे गावात पोत्याने मिळत, पण बेथेलचा टेनर हिवाळ्यात वारला होता आणि सालेमच्या टेनरला नवी कवळी बसली होती. तिथे नुसती भोकाएवढी शांतता होती. असं भोक समोर दिसलं आणि तोंड उघडं असलं, तर वेल्समध्ये वाढलेला माणूस दुसरं काय करणार? गेथिन गायला. कडवं संपेपर्यंत गायला. मेन्नामावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या बुटांतही आलं, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

मग तो सालेमकडे धावला. तिथेही तोंड उघडलं आणि तिथेही टेनरची ओळ आली. सालेमची चाल त्याने लहानपणापासून रस्त्यापलीकडून ऐकली होती. शत्रूची चाल जशी पाठ होते तशी आपली होत नाही. तो तिथेही गायला. इकडून मेन्नामावशीने त्याची बाही ओढली, तिकडून मेरिगकाकांनी कॉलर. मध्ये श्वास घ्यायला जी फट मिळायची, त्यात "पाणी" एवढा शब्द बसत नव्हता.

पाणी घोट्यांवर आलं. मंडळींनी झगे आणि विजारी एका हाताने वर धरल्या आणि सूर दुसऱ्या हाताने. सगळ्यात आधी कुत्रा निघून गेला. साहेब मात्र त्यांच्याही पुढे, गुडघाभर पाण्यात टाळ्या वाजवत उभा होता.

शेवटी गेथिनला एकच सुचलं. त्याने दोन्ही हात वर केले आणि जमेल तेवढ्या उंच सुरात "आमेन" धरलं. आमेनच्या पुढे काही गाता येत नाही आणि आमेनला नाही म्हणता येत नाही. दोन्ही चॅपलं त्यात आपोआप शिरली. चारही पट्ट्यांतले सूर एकत्र आले. दोन्ही हात एकाच क्षणी खाली आले. समुद्रावर अशी शांतता पसरली की बसच्या पोटातली गुडगुड स्पष्ट ऐकू आली.

"छान झालं," मेरिगकाका हळूच म्हणाले. "परत एकदा?"

मेन्नामावशीने जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "आमेनपासून," ती म्हणाली.

त्या दुसऱ्या आमेनमध्ये बसचं मागचं चाक वाळूत गेलं.

बस बाहेर काढायला ट्रॅक्टर घेऊन एक शेतकरी आला. त्याने दोर हातात घेतला, मंडळींकडे पाहिलं आणि दोर तसाच धरून विचारलं, कुठले तुम्ही? कुणाचे? हे विचारल्याशिवाय दोर बांधणं उद्धटपणा झाला असता. मेन्नामावशीने त्याच्या आजीचं माहेर शोधून काढलं. मेरिगकाकांनी त्याच आजीचं सासर काढलं. आजी मुळात बेथेलची की सालेमची, यावर वाद पेटला. पाणी बसची पायरी चढून आत गेलं. अखेर निष्पन्न झालं की आजी तिसऱ्याच पंथाची, बाप्टिस्ट होती. सगळ्यांनी तिला मनातल्या मनात क्षमा केली आणि दोर बांधला.

बस गावात पोचली तेव्हा मामा दारात उभा होता. बातमी डोंगर ओलांडून कधीच आली होती. दार उघडलं. ओली मंडळी एकेक करून उतरली. सगळ्यांना पुढे जाऊ देऊन, शेवटी एक खेकडा उतरला.  मामाने खेकड्याला वाट दिली. गेथिनला डोंगरावरून मेंढ्यांचा वास येऊ लागला.

तेवढ्यात मेन्नामावशी आणि मेरिगकाका खांद्याला खांदा लावून मामासमोर उभे राहिले. हे दोघे आजवर एका दारात कधी उभे राहिले नव्हते. मागच्या खिडक्यांमधून शेजारी डोकावू लागले.

"पोराला बोलू नकोस, इद्वाल," मावशी म्हणाली. "चूक आमची."

"निम्मी," मेरिगकाका म्हणाले. "पण पोरगं सोनं आहे."

मामा विरघळला. त्याने बसवरचं शेवाळ काढलं, ते बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाला, बरं, तुम्हीच म्हणता तर राहू दे, या हंगामाचा गाइड हाच. गेथिनचा जीव भांड्यात पडला.

"गाइड?" मावशी एकदम म्हणाली. "अरे, गाइडला रविवारी भटकावं लागतं! मग आमच्याकडे गाणार कोण? सकाळी बेथेल, संध्याकाळी सालेम. आमचं गाडीतच ठरलंय."

"आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सराव," मेरिगकाका म्हणाले.

मामा गोंधळला. त्याने विचारलं, मग पोटाला काय करणार तो?

"मेंढ्या," दोघंही एका सुरात म्हणाले. मेरिगकाकांनी पुढे समजावलं, डोंगरावरची हवा छातीला फार चांगली. दम वाढतो.

मामाने एकदा बसकडे पाहिलं, एकदा रस्ता ओलांडणाऱ्या खेकड्याकडे, आणि या युक्तिवादात त्याला एकही खोट सापडली नाही. गेथिनने आपली बाजू मांडायला तोंड उघडलं. मेन्नामावशीने स्वतःचा मफलर सोडून त्याच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले आणि घट्ट गाठ मारली.

"तोंड मिट, बाळा," ती म्हणाली. "गार वारा आहे."