तहजीब नसलेलं पेट्रोल

शिरोळकरकाकांच्या गळ्यात कायम स्टेथोस्कोप असतो. लखनौच्या आमच्या सोसायटीत नव्यानं आलेल्या मिश्राजींनी लिफ्टमध्ये तो पाहिला आणि चक्क जीभ बाहेर काढून दाखवली. काकांनी ती नीट निरखली. म्हणाले, "पेट्रोल कम पड़ रहा है. ठीक से खाया कीजिए."

काका डॉक्टर नाहीत. मूळचे कोल्हापूरचे, हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. काकू गेल्यावर त्यांनी जुन्या गाडीला टर्बो बसवला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. लोक अशा वेळी तीर्थयात्रेला जातात हो!

दर रविवारी ते माझी मानगूट धरतात. मी बँकेतला माणूस, मला त्यातलं काय कळतं? पण मलिहाबादच्या रस्त्यावर मी चालवायचं आणि काकांनी ऐकायचं. इंजिनाला तांब्याची नळी घट्ट बसवलीय, तिची रबरी शेपटी खिडकीतून थेट स्टेथोस्कोपात. "डब्यात शेंगदाणे वाजल्यासारखं ऐकू आलं, की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. नाहीतर पिस्टनला भोक!"

"पण दाणे वाजतात कशानं?" असं मी एकदा विचारलं आणि फसलो.

"अरे भल्या माणसा, ठिणगी पडली की ज्योत शिस्तीत पुढं सरकते. कोपऱ्यातल्या पेट्रोलनं 'पहले आप' म्हणून थांबायचं. पण हवा जास्त, उष्णता जास्त. ते ज्योत पोचायच्या आतच भडकतं. लखनौत राहून तहजीब नाही!"

इलाज ठरलेला. हवेचा दाब कमी, ठिणगी जरा उशिरा, पेट्रोल थोडं जास्त, आणि पुन्हा फेरी. "घाई इंजिनाला सोसत नाही," हे वाक्य मी झोपेतही बडबडतो, असं बायको म्हणते.

उपदेश करणारे काका स्वतः मात्र एक नंबरचे भडकू. सहा महिन्यांपूर्वी बंगळुरूहून त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. तिला मराठी कळतं, बोलते हिंदीच. "पापा, मैं ये नौकरी छोड़कर..." एवढंच ती म्हणाली आणि काका असे कडाडले, की वरच्या मजल्यावर मला ऐकू आलं. तेव्हापासून बोलणं बंद. काका वाट पाहताहेत. फोन कायम मांडीवर.

परवाच्या रविवारी, ऐन मेच्या उन्हात, काका ओरडले, "दाणे! पाय काढ!" मी गाडी आंब्याखाली घेतली. माझंही डोकं तापलेलं. बोलून गेलो, "काका, तुम्ही तरी कुठं थांबलात? मुक्ताचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्हीच भडकलात."

आता माझी धडगत नव्हती. पण काकांनी स्टेथोस्कोप काढून बाजूला ठेवला, फोन लावला आणि सवयीनं स्पीकर चालू केला.

"मुक्ता, त्या दिवशी तुझं वाक्य राहिलं."

पलीकडून आवाज आला, "पापा, पहले आप चिल्ला लीजिए."

"नाही गं पोरी. पहले आप."

काका ओठ घट्ट मिटून बसले.

"मैं ये नौकरी छोड़कर लखनऊ आ जाऊँ क्या, आपके पास? यही पूछना था."

"ये," काका म्हणाले. ग्रीसच्या फडक्यानं त्यांनी डोळे पुसले आणि गालभर काळं झालं.

परतताना त्यांनी स्टेथोस्कोप लावलाच नाही. "काका, दाणे ऐका की," मी म्हटलं.

"तू ऐक रे," काका म्हणाले. "तिच्या पलंगावर गिअरबॉक्स पडलाय, तो कुठं हलवू ते ठरवतोय."