नकाशेवाल्यांची कलचाचणी

शाळेतून आलेला कागद जेमतेम अर्ध्या पानाचा होता. आठवीच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या संकेतस्थळावर बुधवारपर्यंत कलचाचणी भरावी, त्यावरून दर शनिवारच्या तासाचा ऐच्छिक विषय ठरेल, आणि शुक्रवारी दुपारी पालकांनी समुपदेशक बाईंना भेटावं. एवढाच मजकूर. दुसऱ्या एखाद्या बापाने तो फ्रिजवर चिकटवला असता आणि विसरून गेला असता. पण हा कागद नकाशेवाल्यांच्या हाती लागला.

नकाशेवाले शहराच्या पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. कुठल्या गल्लीत किती इंची नळ पुरलाय आणि त्याचा व्हॉल्व्ह कुठल्या दुकानाच्या पायरीखाली गेलाय, हे त्यांना तोंडपाठ होतं. (स्वतःचा चष्मा कुठे आहे, हे मात्र रोज बायकोला विचारावं लागे.) बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पाण्याचं नियोजन केलं होतं. आता साक्षात पोटच्या पोरीचं नियोजन करायची संधी आली होती. त्या संध्याकाळी ते ऑफिसातून ट्रेसिंग कागदाची गुंडाळी बगलेत मारूनच घरी आले.

रविवारपर्यंत हॉलच्या भिंतीवर साडेसहा फुटी नकाशा लागला.

"हे बघ," नकाशेवाले हातातली पट्टी टेकवत पोरीला म्हणाले, "आठवी ही आपली टाकी. इथून मुख्य लाइन निघाली. नववीला गणिताचा जोड. दहावीला दाब वाढवायचा. बारावीला दोन फाटे, डावीकडे डॉक्टर, उजवीकडे इंजिनिअर. चुकून कुठे गळती झालीच, तर हा बायपास. बँकेची परीक्षा."

पोरीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. ती आत्ताच खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकडून आली होती आणि तिच्या हातांना मनगटापर्यंत वंगण लागलं होतं.

"आणि शेवटी हे लाल टिंब कसलं?"

"मुख्य अभियंता. वय वर्षं बेचाळीस."

"तेव्हा मी राहत कुठे असेन?"

हे त्यांनी काढलं नव्हतं. "ते पुढच्या शीटवर येईल," ते घाईघाईने म्हणाले. "आणि आधी हात धू, कागद खराब होईल."

"बाबा, शिंपीकाकांचं मशीन ना..."

"हात."

भिंगरी हात धुवायला गेली. बायको दारात उभी राहून नकाशा बघत होती. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचं काम करे. त्यामुळे भेदरलेल्या आणि चेकाळलेल्या, दोन्ही प्रकारच्या माणसांशी सारख्याच शांतपणे बोलायची तिला सवय होती.

"पोरीला काय हवंय ते विचारलंत का?"

"विचारणार ना. आधी लाइन टाकू, मग पाणी सोडू."

मंगळवारी संध्याकाळी घरात कोणी नव्हतं. आपण ही चाचणी आधी जरा तपासून बघावी, असं नकाशेवाल्यांनी ठरवलं. नवीन लाइन सुरू करण्याआधी नाही का आपण तपासत, तसं. विद्यार्थ्याचा नंबर घातल्याशिवाय चाचणी उघडेना, म्हणून त्यांनी भिंगरीचा नंबर घातला. दोन-चार प्रश्न बघायचे आणि बंद करायचं, असा साधा बेत होता.

पहिलाच प्रश्न होता, 'तुम्हाला सर्वांत जास्त आनंद कशात मिळतो?'

नकाशेवाल्यांची बोटं थबकली. त्यांना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. साहेबांनी नाही, सासऱ्यांनी नाही, लग्न जमवणाऱ्या आत्याबाईंनी तर नाहीच. त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं, 'नकाशांच्या खोलीत कोणी नसताना गाणं म्हणण्यात. तिथे आवाज छान घुमतो.' लिहिल्यावर त्यांना इतकं मोकळं वाटलं की त्यांनी पंखा वाढवला आणि खुर्ची पुढे ओढली.

'तुम्हाला कशाची भीती वाटते?' मोठ्या साहेबांची. आणि जिन्याची, गुडघ्यांमुळे. 'दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' गच्चीत. शेजारी टोमॅटोच्या कुंड्या. कोणी हाक मारत नाही.

साठ प्रश्न कसे संपले त्यांना कळलंच नाही. शेवटी एक हिरवं बटण आलं, 'सादर करा'. आता आपला कल कळणार या उत्साहात त्यांनी ते दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'धन्यवाद. आपली उत्तरे नोंदवली आहेत. त्यात बदल करता येणार नाही.'

त्यांनी मागे जायचं बटण दाबलं. मग कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. मग वायरच उपटली. उत्तरं मात्र कधीच शाळेत पोचली होती.

"बाबा," बुधवारी भिंगरी म्हणाली, "माझा नंबर टाकला की आधीच भरलंय असं येतंय."

"सर्व्हर," नकाशेवाले वर्तमानपत्राआडून म्हणाले. हा शब्द ऑफिसात कुठल्याही संकटात चाले. घरीही चालला.

गुरुवारी शाळेतून बायकोला फोन आला. दोघांनीही यावं, नक्की यावं, मुलीलाही बसवून घेऊ. बायकोच्या कपाळाला आठी पडली, पण नकाशेवाल्यांची कळी खुलली. उत्तरांमध्ये शाळेला काहीतरी विलक्षण दिसलं असणार. उत्तरं आपली असली म्हणून काय झालं, रक्त तर तेच आहे. त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि नकाशा गुंडाळून बरोबर घेतला.

समुपदेशक बाई वयाने लहान होत्या आणि फार हळू बोलत. तिघे बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा टिश्यू पेपरचा डबा बायकोच्या पुढ्यात सरकवला.

"मी इथे सहा वर्षं आहे," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षांच्या मुलीची अशी उत्तरं मी आजवर वाचली नाहीत."

नकाशेवाल्यांनी अभिमानाने बायकोकडे पाहिलं.

"ऐका. 'जेवणानंतर काम होत नाही. साहेब फेरीवर येतात म्हणून हातात पेन्सिल धरून झोपायची सवय केली आहे.' साहेब म्हणजे आमचे मुख्याध्यापक असावेत. पुढे लिहिलंय, 'अकरा वर्षं बढतीची वाट बघणं चालू आहे.' बढती म्हणजे वरचा वर्ग असं मी समजले. पण अकरा वर्षं म्हणजे ही दोन वर्षांची असल्यापासून." बाईंचा आवाज आणखी खाली गेला. "या वयात गुडघे दुखतात. मोठं झाल्यावर हिला निवृत्त व्हायचंय. मला मोकळेपणाने सांगा, घरात काही दडपण आहे का?"

"आहे," बायको म्हणाली. "साडेसहा फुटांचं. आज गुंडाळून आणलंय."

नकाशेवाल्यांनी गुंडाळी पायाने हळूच खुर्चीखाली ढकलली.

"बाई," भिंगरी म्हणाली, "नकाशांच्या खोलीत गाणं म्हणतो असं पण लिहिलंय का? मग ते मी नाही. ते बाबा आहेत. डबा द्यायला गेले होते तेव्हा दाराबाहेरून ऐकलंय मी."

रोज दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या पेशंटकडे बायको जशी बघे, तशी तिने नवऱ्याकडे नजर टाकली.

"मी फक्त तपासून बघत होतो," नकाशेवाले पुटपुटले. "मग जरा रमलो."

बाईंना हसू फुटलं, पण लगेच विरलं. या उत्तरांवरून भिंगरीची नेमणूक 'विश्रांती आणि मनःशांती' या वर्गात झाली होती. बाकी विषय जवळपास भरले होते. "यंत्रदुरुस्तीत तेवढी एक जागा आहे," त्या पडद्यावर बघत म्हणाल्या. "पण यादी कार्यशाळेत सरांकडे असते आणि चार वाजता बंद होते."

घड्याळात पावणेचार झाले होते.

"मला तेच हवं होतं," भिंगरी मान खाली घालून म्हणाली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"रविवारी सांगायला आले होते ना. शिंपीकाकांचं मशीन दोन महिने बंद होतं, ते मी चालू केलं. तुम्ही म्हणालात, हात धू."

नकाशेवाल्यांनी खुर्चीखालच्या गुंडाळीकडे पाहिलं. साडेसहा फूट कागदावर त्यांनी एवढे फाटे काढले होते आणि पोरगी मात्र त्यातल्या एकावरही नव्हती.

"तिला परत भरू द्या," ते बाईंना म्हणाले. "माझी उत्तरं कुठेही फेका."

"फेकता येत नाहीत. नवीन विद्यार्थी म्हणून वेगळी नोंद करून तिथे टाकते," बाई म्हणाल्या, आणि भिंगरीचा नंबर मोकळा झाला. भिंगरी बाईंच्या खुर्चीवर चढून बसली. साठ प्रश्न तिने दहा मिनिटांत संपवले. एकदाही मान वर केली नाही, एकदाही पाय हलवला नाही. ही मुलगी एका जागी इतका वेळ बसू शकते, हे तिच्या आईबापांना त्या दिवशी कळलं. बाईंनी कागद छापून त्यावर सही केली. चाराला चार मिनिटं होती. कार्यशाळा मैदानापलीकडे होती.

"आणा इकडे," म्हणत नकाशेवाल्यांनी कागद घेतला आणि ते धावत सुटले.

जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळून उतरले. गुडघ्यांची आठवण त्यांना शेवटच्या पायरीवर झाली, तोवर उशीर झाला होता. मैदान ओलांडून ते एका दारात घुसले, तिथे नुसत्या चटया आणि फुटबॉल होते. दुसऱ्या दारात प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या. (अख्ख्या शहराचे नळ डोक्यात असलेला माणूस एका मैदानात हरवला होता.)

"बाबा, उजवीकडे," मागून भिंगरी ओरडली, आणि त्यांना मागे टाकून पुढे गेली. त्यांनी धावता धावताच कागद तिच्या हातात दिला. त्यांना स्वतःलाच कळेना, पण ते हसत होते, धाप लागूनही हसत होते.

ते दाराशी पोचले तेव्हा कार्यशाळेचे सर पेनाला टोपण लावत होते. सरांनी कागद पाहिला, मग भिंगरीची काळी नखं पाहिली, आणि टोपण परत काढलं.

"मशीन कुठलं उघडलंस?"

"शिलाईचं."

"परत जोडलंस?"

"हो. एक स्क्रू उरला."

"नेहमी उरतो," सर म्हणाले आणि त्यांनी शेवटचं, विसावं नाव लिहिलं. नकाशेवाले दाराच्या चौकटीला धरून उभे होते. स्वतःच्या नेमणुकीच्या दिवशी त्यांच्या छातीत एवढं धडधडलं नव्हतं.

बायकोने आठवणीने उचलून आणलेला नकाशा घरी आल्यावर त्यांनी पालथा करून भिंगरीला दिला. रविवारी दिवसभर दोघं जमिनीवर पालथे पडून शिलाई मशीनच्या पोटातले भाग त्यावर काढत होते. रेघ कशी सरळ ओढायची ते नकाशेवाले सांगत, आणि रेघ कशाची ओढायची ते भिंगरी. आपल्या पितृत्वाचं अखेर सोनं झालं, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं.

सोमवारी सकाळी बायकोच्या फोनवर शाळेचा संदेश आला. तिने तो दोनदा वाचला, मग मोठ्याने वाचून दाखवला.

"'आपला पाल्य, इयत्ता आठवी, नवीन प्रवेश, शनिवारी सकाळी विश्रांती आणि मनःशांतीच्या तासाला न कळवता गैरहजर होता. पालकांनी समक्ष येऊन भेटावे.'"

नकाशेवाले मोज्यात पाय घालता घालता थांबले.

"तुमच्यापायी मला आता परत अर्धी रजा टाकावी लागणार," बायको शांतपणे म्हणाली. "पुढच्या शनिवारी मी स्वतः वर्गापर्यंत सोडायला येणार आहे. दप्तर आदल्या दिवशीच भरून ठेवा."