सुभेदारांची बर्फाची पेटी

सुभेदार चिडलेले नसले की आमच्या गल्लीला काळजी वाटायची. उंब्रजला मी मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. सकाळी अंघोळीचं पाणी फार तापलं म्हणून, दुपारी ताक गार नाही म्हणून आणि संध्याकाळी चिडायला काहीच उरलं नाही म्हणून ते चिडत. राग ज्याच्यावर असेल त्याच्याकडे बोट करून एकच शब्द म्हणत, "डिसमिस." पलटणीत तो शब्द जवानांसाठी असायचा. पेन्शनीत आल्यावर तो ताकापर्यंत आला होता.

सगळी नोकरी गाड्या हाकण्यात गेलेली. त्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांनी लष्करी लिलावातली एक जुनी जीप आणली. मोठा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं की जीपमध्ये फ्रिज पाहिजे.

"राजस्तानात जायाचं हाय, जीपनं," एवढंच ते सांगत. त्याचा अर्थ गल्लीने आपापसात लावला: बाटली गार ठेवायची असणार. सुभेदारांनी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही.

मला घेऊन ते सांगलीला एका दुकानात गेले. दुकानदाराने रॉकेलवर चालणारा फ्रिज दाखवला. खाली वात पेटवायची, वर गारवा.

"जीप हादरल्यावर वात ऱ्हाईल का?" सुभेदारांनी विचारलं.

"हा सपाट जागी ठेवायचा असतो, साहेब. फ्रिज घेऊन फिरतं कोण?"

"मी फिरतो," सुभेदार म्हणाले. "मी फिरतो म्हनून तर इचारतोय. तुमी इकाय बसलाय का मला अक्कल शिकवाय?" आणि तो फ्रिज डिसमिस झाला. शेवटी त्याच दुकानातून थर्मोकोलची पेटी घेतली. तीत बर्फ भरला, बर्फावर लोण्याची वाटी ठेवली आणि पेटी माझ्या मांडीवर दिली. लोणी जसंच्या तसं उंब्रजला पोचलं तर पेटी पास.

उसाच्या गाड्यांनी इस्लामपूरच्या अलीकडचा रस्ता पार खणून काढला होता. एका खड्ड्यात पेटी तडकली आणि सगळं पाणी माझ्या विजारीत गेलं. सुभेदारांनी गाडी थांबवून आधी लोणी बघितलं.

"सुभेदार, माझी विजार..."

"विजार वाळंल, मास्तर. लोनी गेलं त्याचं काय?"

पुढच्या खेपेला त्यांनी जाड पत्र्याची पेटी आणली. तीत बर्फ टिकला. लोणी दगडासारखं घट्ट झालं. मला वाटलं, आता तरी खूश होतील. ते आणखीनच भडकले.

"गोठलं की बी वाया जातंय."

"दारू कधीपासून गोठून वाया जायला लागली?" मी म्हणालो.

त्यांनी जीप कडेला घेतली. समोर बघतच म्हणाले, "दारू कुनाला पायजे? हिचं इन्शुलिन हाय."

काकी, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, रोज सकाळी डॉक्टरांकडे जातात हे मला ठाऊक होतं. कशाला, ते मी कधी विचारलं नव्हतं. ते औषध डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये असायचं. उन्हाने खराब होतं, बर्फाला टेकलं तरी खराब होतं. तेव्हा बाईंनी लांबच्या प्रवासाचा विचारच सोडावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"सुट्टीवर आलो की दर डाव सांगायचो, पेन्शन झाली की तुला समदा मुलूख दावतो," सुभेदार म्हणाले. "तिनं येकदा बी वाद घातला न्हाई. आन् आता ह्यो डॉक्टर म्हनतो, घरात बसा. आरं, आजपतुर ती घरातच बसली हुती." शेवटचं वाक्य त्यांनी एवढ्या जोरात म्हटलं की शेजारून जाणारा बैल बुजला.

अखेर मिरजेच्या एका सुताराच्या डोक्यावर बसून त्यांनी पेटी करवून घेतली. बाहेरून लाकूड, आतून पत्रा, मध्ये दाबून भरलेला भुसा, आणि बर्फाला टेकणार नाही असा वर टांगलेला पितळी डबा. त्या डब्यात लोणी गार राहिलं आणि मऊही राहिलं. सुभेदार त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. डिसमिस म्हणाले नाहीत. डॉक्टरांशी भांडूनच ते सुई टोचायला शिकले, आणि थंडी पडल्यावर दोघं निघाली.

परत आली तेव्हा दोघंही उन्हाने काळवंडली होती. मी काकींना विचारलं, "काय काय बघितलं?"

"बरफाचं कारखानं," काकी म्हणाल्या. "आवं, परतेक गावात आदी तिथं जायाचं, बरफवाल्याशी भांडायचं, मग म्होरं. किल्लं लांबनंच बघितलं."

मग हळू आवाजात म्हणाल्या,

"येका जागी निस्ती वाळू हुती. पडकी चौकी आन् येक बाभळ. तिथं मला उतरवलं. म्हनलं, हितं ड्यूटीला असताना तुजी लय आठवन यायची. जलमात पयल्यांदा आसं बोललं. मी वर बघितलं, तर ह्ये पाट करून पेटीतला बरफ तपासत हुतं."