दोन नंबर मोठा

"कापूस आहे ताई, पहिल्या धुण्यात आटणार. दोन नंबर मोठाच न्या," दुकानदार म्हणाला.

कराटेचा गणवेश चढवून मुंगीनं आरशासमोर हवेत एक झकास लाथ झाडली. "आई, मला हाच बरोबर बसतोय!"

"आज बसतोय गं. धुतल्यावर आपला पोपट होईल."

आईनं मोठा घेतला. रविवारी मुंगीची कराटेच्या पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आईनं गणवेश आधी साधा धुतला, मग गरम पाण्यात, शेवटी चक्क उकळला. पातेल्यातलं पाणी आटलं, गणवेश नाही.

"अजून एकदा ठेवलास तर शिजेल," मुंगीचे बाबा म्हणाले.

रविवारी आईनं बाह्या चार वेळा दुमडल्या. विजारीची नाडी दोन वेढे देऊन आवळली.

"सुटली तर?"

"मी गाठ मारलीय, मुंगे. काय बिशाद आहे!"

ठोसे छान झाले. शेवटची लाथ तर खांद्याच्या वर गेली, आणि गाठीनं मान टाकली. मुंगी पाय फाकवून, गुडघे वाकवून जमिनीवर आली ती तशीच थिजली. पाय ताणलेले होते तोवर विजार जागेवर होती. तिनं आईकडे पाहिलं, मग डोळ्यांनीच कमरेकडे. आईला कळलं, नाडी सुटली.

"आता सगळ्यांनी याच पवित्र्यात थांबायचं!" सर गरजले. "घोड्यावर बसल्यासारखं!"

एका मिनिटात दोन पोरं लटपटली. दुसऱ्या मिनिटात उरलेली बसली. मुंगीचे पाय थरथरत होते, नाकावरून घाम ओघळत होता, पण ती तसूभर हलली नाही.

"शाब्बास! पुढे ये, पट्टा घे."

मुंगी जागची हलेना.

"अगं, ये ना!"

सभागृहात कुजबूज सुरू झाली. आईनं डोळे मिटून घेतले.

"बघा!" सर बाकीच्या पोरांना म्हणाले. "पवित्रा सोडा असं मी म्हटलेलंच नाही. याला म्हणतात शिस्त! बाळ, मीच येतो."

सर स्वतः तिच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि गणवेशाच्या कोटावरून कमरेला पिवळा पट्टा बांधू लागले.

"सर," मुंगी दातांतल्या दातांत पुटपुटली, "अजून आवळा."

"अजून?"

"जीव खाऊन आवळा, सर!"

सरांनी आवळला, आणि भारावून पालकांकडे वळले. "अशी तळमळ पाहिजे!"

मुंगीनं सावकाश एक पाऊल टाकलं. मग दुसरं. आणि धूम ठोकून थेट आईच्या कुशीत!