सकाळीच उरकलेला पराभव

एक होतं जंगल, आणि त्या जंगलात, हसू नका, बेसबॉलचा एक संघ होता.

जंगलात बेसबॉल कुठून आला, असं आत्ताच कुणीतरी कुजबुजलं. ऐकलं मी. गोष्टीत मुंगूस बोलतो तेव्हा तुम्ही गप्प बसता, आणि बेसबॉल म्हटलं की लगेच शंका! सहलीला आलेली माणसं एक दांडकं, एक चेंडू आणि नियमांचं पुस्तक विसरून गेली होती. पुस्तकाची अर्धी पानं वाळवीने खाल्ली. त्यामुळे खेळ बराच सोपा झाला.

उरलेले नियम एवढेच. दांडक्याने चेंडू मारायचा. तीन थांबे घेत गोल धावायचं. जिथून निघालो त्या जागी परत यायचं. त्या जागेला घर म्हणायचं. घरी पोचलो की एक धाव. चेंडू आपल्याआधी घरी पोचला की आपण बाद. कळलं? नसेल कळलं तरी चालेल, त्या संघालाही नीट कळलं नव्हतं.

बजाबा मुंगूस कर्णधार होता. धनेशअण्णा पंच होते. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. कुणी धाव काढली की ते उडत जायचे आणि ऐनाच्या झाडावर त्याच्या नावापुढे चोचीने एक रेघ ओढायचे.

आणि संघात होती सगुणा. सगुणा खवले मांजर. ते मांजर नसतं, नावावर जाऊ नका. अंगभर खवले, लांब शेपूट, आणि भीती वाटली की लगेच अंगाचा गोळा. सगुणा अकरा वर्षं खेळत होती आणि अकरा वर्षांत एकदाही घरी पोचली नव्हती. तिसऱ्या थांब्यापासून ती जोरात निघायची. घर दोन हातांवर यायचं. मागून चेंडू सणसणत यायचा. सगुणाचा गोळा व्हायचा. एकदा ओढ्यापलीकडच्या कोळसुंद्यांनी, म्हणजे रानकुत्र्यांनी, चेंडू समजून तिलाच फेकलं. त्या दिवशी ती घराच्या वरून गेली, पण धनेशअण्णांनी ते धरलं नाही.

ऐनाच्या झाडावर सगळ्यांच्या नावापुढे रेघा होत्या. सगुणाच्या नावापुढे साल होती. रोज जाता-येता ती तिकडे बघायची. दुसरं काही नको होतं हो तिला. एक रेघ हवी होती.

दर हिवाळ्यात कोळसुंद्यांशी मोठा सामना व्हायचा आणि हा संघ हरायचा. हरून सगळे घरी जायचे, जेवायचे. असं छान चाललं होतं.

एका हिवाळ्यात परदेशातून एक करकोचा आला. नाव निरंजन. लांब मान, लांब पाय, गळ्यात कॅमेरा. तो माहितीपट काढायचा.

आता जंगलात पाहुणा आला म्हणजे काय करतात? सत्कार करतात. सागाच्या पानाची शाल घातली, जंगली फळ दिलं, बजाबाने दोन शब्द बोलतो म्हणून दोन तास भाषण केलं. करकोचा एका पायावर उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "मला तुमच्या पराभवात फार सौंदर्य दिसतं."

"घ्या की," बजाबा म्हणाला. "आमच्याकडे भरपूर आहे."

करकोच्याकडे एक वही होती. माहितीपटाचा शेवट तिच्यात आधीच लिहिलेला होता. राजधानीतल्या मंडळाने तो वाचून मंजूरही केला होता. सुरुवात आणि मधला भाग तेवढा इथे येऊन शोधायचा होता.

त्याने सगुणाला हेरलं. अकरा वर्षं आणि एकही धाव नाही! त्याचे डोळे पाणावले. तिला वारुळाजवळ बसवून त्याने मुलाखत घेतली.

"ताई, हरल्यावर काय वाटतं?"

"भूक लागते."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी खेळ चालू असतो."

करकोच्याने मान हलवली. "बरं, जरा डोंगराकडे बघा."

"तिकडे काय आहे?"

"काही नाही. नुसतं बघा. आणि बोलू नका."

सगुणाने बघितलं. खरंच काही नव्हतं. पण करकोचा "वा! वा!" करत राहिला, तेव्हा तिलाही वाटलं, असेल बाई काहीतरी.

महिनाभर हे चाललं. बजाबाला तर असा काही नाद लागला की तो तोंड धुतानासुद्धा कॅमेरा कुठे आहे ते बघून धुवायचा. संघ धावण्याचा सराव करायचा सोडून चालण्याचा सराव करायला लागला. सगळ्यांनी एका ओळीत, धुळीतून, हळूहळू चालायचं. कुठे जायचं? कुठे नाही. नुसतं चालायचं.

मग सामन्याचा दिवस उजाडला.

भल्या सकाळी करकोचा मैदानावर आला, आभाळाकडे बघितलं आणि बजाबाला म्हणाला, "कप्तान, अडचण आहे. सामना संध्याकाळी. संध्याकाळी उजेड जातो."

"मग?"

"आत्ता ऊन फार सुंदर आहे. तुम्ही हरणार तर आहातच. ते सकाळीच उरकून घेऊ या का?"

बजाबाने विचार केला. पाहुणा इतक्या लांबून आलेला. आणि हरायचंच आहे तर उन्हं चढायच्या आत हरलेलं काय वाईट? "आमची काही हरकत नाही," तो म्हणाला.

बघा म्हणजे, सामना व्हायच्या आधीच पराभव झाला. कोळसुंद्यांनाही बोलावलं होतं. तेही हौसेने आले आणि जिंकल्याचा आनंद करून गेले.

सगुणाने तिसऱ्या थांब्यावरून निघायचं आणि घर दोन हातांवर आलं की गोळा करायचा, असं ठरलं. ती निघाली, चेंडू आला, तिने गोळा केला.

"सुंदर!" करकोचा म्हणाला. "पुन्हा एकदा."

तिने पुन्हा केला. एकदा धूळ कमी उडाली म्हणून. एकदा शेपूट बाहेर राहिली म्हणून. एकदा मागे बजाबा हात हलवत होता म्हणून. सगुणाने एकूण तेवीस वेळा गोळा केला आणि तेवीस वेळा उलगडला. तेवीस वेळा चेंडू तिच्या कानाजवळून गेला. शेवटी शेवटी तर चेंडू येतोय हे दिसत असताना ती संध्याकाळी काय खायचं याचा विचार करत होती.

"झालं!" करकोचा म्हणाला. त्याने कॅमेरा पिशवीत घातला आणि ओढ्यावर मासे खायला गेला.

संध्याकाळी खरा सामना झाला. दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या. शेवटचा डाव. तिसऱ्या थांब्यावर सगुणा. बजाबाने दांडकं फिरवलं, चेंडू करवंदीच्या जाळीत गेला, आणि सगुणा निघाली.

घर दहा हातांवर. पाच हातांवर. कोळसुंद्याने चेंडू फेकला. तो सणसणत आला. घर दोन हातांवर. सगळ्या जंगलाने डोळे मिटून घेतले.

पण मुलांनो, सकाळपासून तेवीस वेळा भ्यायल्यावर चोविसाव्यांदा भ्यायचा अगदी कंटाळा येतो. सगुणा गोळा करायचं विसरली. ती धावतच राहिली आणि थेट घरावर जाऊन आपटली. चेंडू मागून आला.

"धाव!" धनेशअण्णा ओरडले. ओरडताना त्यांचा आवाज फाटला.

काय सांगू तुम्हाला! संघ पहिल्यांदाच जिंकला! माकडांनी शेपट्यांना शेपट्या बांधून फेर धरला. शेजारच्या सांबरीणबाईंनी सगुणाला पाठीवर घेऊन मैदानाला चार फेऱ्या मारल्या. धनेशअण्णांनी ऐनावर रेघ ओढली, चांगली ठसठशीत. सगुणा झाडाखाली उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

करकोचा मासे खाऊन परत आला. त्याला सगळं सांगितलं.

"अरे वा, अभिनंदन," तो म्हणाला. "पण हे आता बसायचं नाही."

"कशात बसायचं नाही?" सगुणाने विचारलं.

"माहितीपटात. शेवट मंजूर झालेला आहे."

"बरं, मग मी असं करते," सगुणा म्हणाली, "उद्या सकाळी परत धावते. उजेडही असेल. तुम्ही ते घ्या."

करकोच्याने दुसरा पाय खाली टेकवला. फार दुखावला होता तो.

"ताई, काय बोलता! हा माहितीपट आहे. यात खोटं चालत नाही."

तो उडून गेला. उन्हाळ्यात राजधानीच्या जंगलातून बातमी आली की माहितीपटाला पहिलं बक्षीस मिळालं. सिंहमहाराज बघताना तीनदा रडले. त्यांनी हुकूम काढला: जो संघ कधीच जिंकला नाही, त्याला कुंपण घातलेलं मैदान आणि पाण्याचा हौद देण्यात यावा.

मग आपल्या जंगलातही एक पडदा लावून तो माहितीपट दाखवला. सगळे आले. पडद्यावर सगुणा धावली, सकाळच्या सोनेरी उन्हात. घर दोन हातांवर आलं. गोळा झाला. चेंडू आला. बाद.

सगळं जंगल हुंदके देत होतं. सांबरीणबाई तर सगुणाच्या गळ्यातच पडल्या. "थोडक्यात राहिलं गं बाई तुझं!"

"अहो, असं काय करता?" सगुणा म्हणाली. "मी पोचले होते. तुम्हीच तर मला पाठीवर घेतलं होतं!"

"घेतलं असेल गं," सांबरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण आत्ता बघितलं ना आपण सगळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी बजाबा आणि धनेशअण्णा सगुणाच्या बिळाशी आले. बराच वेळ हवापाण्यावर बोलले.

"काय काम काढलंत?" सगुणाने विचारलं.

"महाराजांची माणसं यायची आहेत तपासायला," बजाबा म्हणाला. "आपण कधी जिंकलो का ते बघणार. मैदानाचा प्रश्न आहे, सगुणाताई. पाण्याचा हौद आहे. सगळ्या जंगलाचं भलं आहे. झाडावर तेवढी एक रेघ..."

"माझी."

"पुसायची म्हणजे काय, नुसती साल जरा खरवडायची," धनेशअण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "तुम्ही मनात ठेवा की. मनातली कोण काढून घेणार?"

"अण्णा, मनात तर अकरा वर्षं होतीच," सगुणा म्हणाली. "झाडावर एकदाच आली होती." आणि मग ती सरळच म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय हो."

"आम्हालाही वाटतंय," दोघं म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं. तसंच वाईट वाटत त्यांनी जाऊन साल खरवडली.

मैदान झालं. कुंपण झालं. उद्घाटनाला खुद्द सिंहमहाराज आले. नारळ फुटला, सत्कार झाले, बजाबाने दोन शब्द बोलून घेतले. मग महाराज म्हणाले, "त्या बाई कुठे आहेत? एकदा प्रत्यक्ष बघायचंय. तसंच धावा आणि तसाच गोळा करून दाखवा."

सगुणा तिसऱ्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बजाबाने तिच्याकडे बघून हात जोडले. कुणीतरी चेंडू फेकला.

ती निघाली. घर दहा हातांवर. पाच हातांवर. दोन हातांवर. आणि सगुणा, सगळ्या जंगलादेखत, महाराजांदेखत, थेट घरावर जाऊन उभी राहिली. धापा टाकत तिने सगळ्यांकडे बघितलं.

बजाबा घामाने भिजला. आता मैदान जातंय आणि आपली मानही जातेय, असं त्याला वाटलं.

महाराजांनी आयाळ खाजवली.

"नाही बुवा," ते म्हणाले. "हे खोटं वाटतं."

"अगदी!" सगळं जंगल सुटकेने ओरडलं. "पडद्यावर किती खरं होतं!"

महाराज जेवायला गेले. त्यांच्यामागून सगळे गेले. मैदान संघालाच राहिलं. सगुणा घरावर उभी होती, तिला कुणी हाक मारली नाही.

तात्पर्य : आपण जिंकलो की हरलो, हे स्वतःच ठरवायची घाई करू नये. यथावकाश ते दाखवण्यात येतं. तोवर हातपाय धुऊन पडद्यासमोर चांगली जागा धरून बसावं.

हं, उतरवून घ्या वहीत. परीक्षेला एवढंच येतं. सगुणा पोचली की नाही, ते कुणी विचारत नाही.