बुंदी संपली आणि सुरेशभाऊंना उठवलं

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला, नवरीच्या गावी डिंगोऱ्यात, भर दुपारी, दुसऱ्या पंगतीतून सुरेशभाऊंना हाताला धरून पानावरून उठवलं. गुन्हा काय? त्यांच्या पानापर्यंत येता येता बुंदी संपली, म्हणून त्यांनी वाढलेला भात उचलून वाढप्याच्या बादलीत परत टाकला!

"आवो, समदी बादली उष्टी केली!" नवरीचे चुलते ओरडले.

"उष्टी कशी? अजून घास न्हाई घेतला. एक जरी न्हाई मिळालं, तर आधी घेतलेलं परत करायचं."

सुरेशभाऊ नारायणगावच्या किराणा दुकानदाराचे थोरले. दुकान धाकट्यावर सोडून आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, लिहीत बसत. रंगीत मॉनिटर तेव्हा नुकतेच आले होते. ते समजावत, "पडद्यावर नवं चित्र काढायला ड्रायव्हर मेमरी मागतो. एकदा न्हाई, तीनदा. तिसऱ्यांदा न्हाई मिळाली तर? पहिल्या दोन परत द्यायच्या, जमलं न्हाई म्हणून सांगायचं, आन् जुनं चित्र तसंच ठेवायचं. पडदा काळा करायचा न्हाई."

हे 'न्हाई मिळाली तर?' त्यांनी गावभर लावलं. दाढीला बसण्याआधी न्हाव्याला विचारायचे, "निम्म्यात पाणी संपलं तर?"

क्लासचे मालक वैतागले. "मिळतीच की राव मेमरी! रोज मिळती." त्यांनी परस्पर ड्रायव्हरमधले ते सगळे 'तर' काढून टाकले. नव्या हॉलच्या उद्घाटनाला पुढारी आले. पडद्यावर त्यांचा फोटो मोठा करायला घेतला, मिशीपर्यंत उमटला आणि सगळं काळं. बोलणी कुणी खाल्ली? सुरेशभाऊंनी!

आता डिंगोऱ्यात म्हणतात, "त्यो लगीन नासवायलाच आला व्हता." कारण नवरी म्हणजे सुनंदा, आमच्याच क्लासवर शिकवणारी. तिला सुरेशभाऊंनी मागणी घातली होती आणि तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं होतं.

धादांत खोटं! नकार आला तेव्हा हा माणूस तिच्या घरी गेला, तिच्या आईची लोणच्याची बरणी घासूनपुसून परत दिली, "जमलं न्हाई, राग न्हाई," म्हणाला. दुसऱ्या दिवशी क्लासवर रोजच्यासारखंच, "मॅडम, चहा सांगू?" तिच्या लग्नापर्यंत रोज तसंच.

त्या पंगतीनंतर मात्र ते कुणाच्या लग्नाचं नाव काढत नाहीत. मी म्हटलं, "भाऊ, आमच्या ताईच्या लग्नाला याल ना?"

"पुन्हा उठवलं तर?" म्हणाले. आणि मी दिलेली पत्रिका परत केली.

म्हणून वाचकहो, हळहळू नका. तुमच्या घरच्या कार्याला सुरेशभाऊंना बोलवा. आणि बुंदी पहिल्यांदा त्यांच्या पानात वाढा.