मागच्या तळ्याचा जैसे थे

मी आजवर एकही खटला हरलेलो नाही. त्यातले निम्मे अजून चालू आहेत, ही गोष्ट वेगळी! जमीन, पाणी, झाडं यांच्या वापराचे कायदे हा माझा प्रांत. कोणी टेकडी कापायला निघालं, नाल्यावर स्लॅब टाकायला निघालं, की मी स्थगिती घेऊन हजर. कोर्टात वकीलमंडळी मला 'स्थगिती' याच नावाने हाक मारतात.

घरी या नावाचं कौतुक नाही. बायकोचं म्हणणं, घरातल्या प्रत्येक कामालाही मी स्थगितीच दिलेली आहे. तिचा रोख असतो स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर. ही भिंत बारा महिने ओली. रंगाचे पोपडे निघालेले, कपाटातले डबे बुडाशी गंजलेले. दर रविवारी ती म्हणायची, प्लंबर बोलवा. मी म्हणायचो, बघतो. साऱ्या जगाचं पाणी वाचवणाऱ्या माणसाने एका भिंतीच्या मागे किती लागायचं!

आमच्या घरामागे एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या सखल भागात छोटंसं तळं, कडेने लव्हाळी आणि त्यात पाणकोंबड्यांचं एक कुटुंब. सकाळी चहाचा कप घेऊन बायको मागच्या पायरीवर बसते आणि पिल्लं नीट आहेत ना ते बघते. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. एक दिवस तिथे बिल्डरची पाटी लागली. तळ्यात भराव टाकून वर टोलेजंग इमारत होणार होती. ती चहा गार होईपर्यंत नुसती पिल्लांकडे बघत बसून राहिली. मला ते बघवेना. त्याच दिवशी मी तिच्या नावाने दावा ठोकला.

कोर्टात मी काय बोललो म्हणून सांगू! हे तळं भर उन्हाळ्यातही आटत नाही, म्हणजे याच्या पोटात जिवंत झरा आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं. बिल्डरच्या वकिलांना आम्ही 'हरकत' म्हणतो, कारण ते दुसरं काही बोलतच नाहीत. त्यांनी वाक्यावाक्याला हरकत घेतली, पण न्यायाधीशांनी 'जैसे थे'चा आदेश दिलाच. निकालापर्यंत जागेच्या स्थितीत कोणीही, कोणत्याही प्रकारे बदल करायचा नाही. 'कोणत्याही प्रकारे' हे शब्द मी आग्रहाने घालून घेतले. पुढच्या आठवड्यात कोर्टाने नेमलेल्या एक अधिकारी बाई पाहणी करणार होत्या. पाणी दिसलं तर स्थगिती कायम, नाही तर बिल्डरचे डंपर मोकळे.

पाहणीच्या दिवशी सकाळी बायकोने मागच्या पायरीवरून हाक मारली.

"अहो, तुमचा झरा आटला."

मी धावत गेलो. तळ्याच्या जागी चिखल! पाणकोंबड्या त्यात तोंड पाडून उभ्या, पिल्लं आईच्या पायात घुटमळत होती. माझं डोकंच फिरलं. बिल्डरने चोरून पंप लावला, दुसरं काय! तिथेच बसून मी त्याच्याविरुद्ध कोर्टाच्या अवमानाचा अर्ज खरडला आणि अधिकारी बाई आणि 'हरकत' पाहणीला आल्याबरोबर बाईंच्या हातात ठेवला. पाण्याचा माग काढा, चोर सापडेल, असंही ठणकावून सांगितलं.

बाई कामाच्या पक्क्या. त्यांनी खरोखरच माग काढला. चिखलातून एक ओली चर निघाली होती. ती प्लॉटच्या चढावरून वर आली, आमच्या कुंपणाखालून आत शिरली आणि थेट स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी थांबली. तिथे नवाकोरा पांढराशुभ्र पाइप चमकत होता.

"हे काम कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मीच करून घेतलं," बायको कौतुकाने म्हणाली. "तुम्ही घरी येणार, आणि भिंतीची ती तशी दशा! पाइप बदलून रंगही देऊन घेतला. यांची वाट बघत बसले असते तर झालंच!"

"कधी?"

"गुरुवारी."

आदेश बुधवारचा होता. म्हणजे माझा जिवंत झरा हा आमचा फुटका पाइप, आणि माझा आदेश मोडला तो माझ्याच अशिलाने! 'हरकत' यांनी आयुष्यात पहिल्यांदा हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त माझ्या अवमानाच्या अर्जाची एक प्रत मागितली. मजकूर उत्तम आहे, नाव तेवढं बदलून घेतो, म्हणाले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बायकोच्या मात्र आत्ता सगळं ध्यानात आलं होतं. ती पिल्लांकडे बघत म्हणाली,

"बाई, पाणी आमच्या नळाचं असेल, पण घर तर त्यांचंच आहे ना?"

बाईंनी आदेश पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, पाणी कुठून आलं ते निकालाच्या वेळी पाहू. जैसे थे म्हणजे आदेशाच्या दिवशी होतं तसं. त्या दिवशी पाइप गळत होता, तेव्हा तो आजच्या आज पुन्हा गळता करा.

प्लंबरला परत बोलावलं. गळती किती ठेवू, असं त्याने दोनदा विचारलं. संध्याकाळपर्यंत तळ्यात पाणी चढलं, पाणकोंबड्या पोहायला लागल्या, आणि आमच्या भिंतीचा नवा रंग फुगायला लागला. रविवारी बायकोने विचारलं, खटला किती वर्षं चालेल? मी अभिमानाने सांगितलं, माझे खटले सहसा संपत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी तिने कोर्टात अर्ज केला. भिंतीतला पाइप दुरुस्त करून तळ्यासाठी कुंपणापाशी वेगळा नळ बसवू द्यावा, एवढंच मागणं. इतका साधा उपाय मला सुचला नव्हता, हे कबूल. पण अर्ज तिने दुसऱ्या वकिलाकडून केला, ते मनाला लागलं. कारण विचारलं.

"मला तारीख नको होती," ती म्हणाली, "नळ हवा होता."

अर्ज पहिल्याच दिवशी मंजूर झाला. तळं भरलेलं आहे, भिंत सुकते आहे. मी आजही एकही खटला हरलेलो नाही. या खटल्यात आता मी वकीलच नाही.